शेवळं, तांब्या आणि गुळवेल

तांब्याच्या भांड्यातलं पाणी रोज प्यावं का? गुळवेलीच्या काढ्याने प्रतिकारशक्ती वाढते का? कारल्याच्या रसाने साखर उतरते का, योगासनांनी रक्तदाबाची गोळी सुटते का, आणि आयुर्वेदिक औषध घेताना डॉक्टरांना सांगावं लागतं का? नवीन पनवेलच्या कुठल्याही सेक्टरमध्ये सकाळी फिरायला निघालेल्या माणसांत, औषधाच्या दुकानात, सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हे प्रश्न निघतात आणि उत्तरं बहुधा दोनच मिळतात. एक गट म्हणतो, निसर्गातलं आहे, त्याने अपाय कसा होईल? दुसरा म्हणतो, हे सगळं थोतांड आहे. दोन्ही उत्तरांनी विचार करायचे कष्ट वाचतात, पण प्रश्न विचारणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. औषध झाडातून आलं की कारखान्यातून, यावर त्याचे गुणदोष ठरत नाहीत. ते किती घेतलं, कुणी घेतलं, किती दिवस घेतलं आणि कशाच्या ऐवजी घेतलं, यावर ठरतात. हे चार प्रश्न नीट विचारून त्यांची उत्तरं शोधण्याचं मोलाचं काम आपल्याच टापूत, पनवेलपासून एक-दोन घाटांच्या आत, मुंबईत, लोणावळ्यात आणि पुण्यात झालेलं आहे. ते माहीत करून घेतलं तर वरच्या बहुतेक प्रश्नांचा उलगडा होतो.

पनवेलला देशी औषधांचा विषय नवा नाही. वैद्य कृष्णशास्त्री पुराणिक यांनी १८७२ साली पनवेलमध्येच ‘श्री धूतपापेश्वर’ हा औषधांचा कारखाना सुरू केला आणि तो आजही चालू आहे. पण त्याहून जुनं ज्ञान इथल्या बाजारात दरवर्षी पावसाच्या तोंडावर दिसतं. आसपासच्या डोंगरांतल्या आदिवासी बायका शेवळं ही रानभाजी विकायला आणतात आणि शेवळांबरोबर काकडंही ठेवतात. काकडं म्हणजे काकड नावाच्या झाडाची आंबट हिरवी फळं. शेवळं नुसती शिजवून कुणी खात नाही. त्यातला पिवळा भाग काढून टाकायचा, उरलेलं बारीक चिरायचं, काकडांचा रस किंवा चिंच घालून चांगलं शिजवायचं. यातलं काही चुकलं तर घसा खाजून हैराण होतो, कारण सुरणाच्या या नातेवाइकात कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात. आपल्याला कुणी खाऊ नये म्हणून वनस्पतीने केलेली ती तजवीज आहे. रायगडातल्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेली ही रीत एकच गोष्ट सांगते: रानात उगवलेलं सगळं आपल्यासाठी उगवलेलं नसतं, आणि ते पोटाला मानवेल असं करायला माहिती लागते. आयुर्वेदात बिब्बा किंवा बचनाग शोधन केल्याशिवाय वापरत नाहीत, तेही याच समजुतीने. नीट योजलं तर विषही औषध होतं आणि चुकीचं योजलं तर औषधही विष होतं, हा विचार चरकसंहितेतच आहे. त्यामुळे ‘नैसर्गिक आहे, अपाय होणार नाही’ हे वाक्य आपल्या परंपरेच्या नावावर खपवलं जात असलं, तरी परंपरेचं ते म्हणणं कधीच नव्हतं.

आता तांब्याच्या पाण्याकडे येऊ. या समजुतीला खरा आधार आहे. बेंगळुरूच्या संशोधकांनी २०१२ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. कॉलरा, हगवण, जुलाब यांचे जिवाणू मुद्दाम मिसळलेलं पाणी त्यांनी खोलीच्या तापमानाला तांब्याच्या भांड्यात १६ तास ठेवलं. त्यानंतर त्या पाण्यात जिवंत जिवाणू सापडले नाहीत, आणि पाण्यात उतरलेलं तांबं जागतिक आरोग्य संघटनेने घालून दिलेल्या दर लिटरला २ मिलिग्रॅमच्या मर्यादेच्या खूपच खाली होतं. म्हणजे रात्रभर तांब्यात ठेवलेलं पाणी निरोगी मोठ्या माणसाने प्यायला हरकत नाही, आणि जिथे पाणी दूषित येतं तिथे त्याचा उपयोगही आहे. मात्र त्या प्रयोगाने एवढंच दाखवलं. त्या पाण्याने सांधे सुटतात, वजन उतरतं किंवा थायरॉइड बरा होतो, असं त्यातून निघत नाही. शिवाय ज्या घरात नळाचं पाणी शुद्ध होऊनच येतं, वर आणखी फिल्टरही बसवलेला असतो, तिथे मारायला जिवाणूच फारसे उरत नाहीत. उपाय खरा असला, तरी आपल्याला त्याची गरज आहे की नाही हा प्रश्न वेगळा राहतो.

हेच तांबं वेगळ्या शरीरात, वेगळ्या पदार्थातून गेलं तर काय होतं, याचं उत्तर पुण्याने फार मोठी किंमत मोजून मिळवलं आहे. एक ते तीन वर्षांच्या मुलांना होणारा यकृताचा एक जीवघेणा आजार आपल्याकडे अनेक दशकं दिसत होता. पोट फुगायचं, कावीळ व्हायची, आणि निदान झालेली बहुतेक मुलं दगावायची. कधी कधी एकाच घरातली दोन-तीन भावंडं जात. आजार खेड्यातल्या, खाऊनपिऊन सुखी घरांमध्येही होता, म्हणून त्याला गरिबीचा आजार म्हणता येत नव्हतं. या मुलांच्या यकृतात तांब्याचं प्रमाण प्रचंड आढळायचं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. आनंद पंडित आणि डॉ. शीला भावे यांनी ब्रिटनमधले डॉ. स्टुअर्ट टॅनर यांच्यासह या घरांमधल्या सवयींचा बारकाईने अभ्यास केला. त्यातून दिसलं, की अनेक घरांत बाळाला अगदी लवकर वरचं दूध सुरू होत होतं आणि ते दूध कल्हई नसलेल्या पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात तापवून ठेवलं जात होतं. दुधातली प्रथिनं तांबं धरून ठेवतात, त्यामुळे पाण्यात उतरतं त्याहून कितीतरी जास्त तांबं दुधात उतरतं. तान्ह्या बाळाच्या यकृताला ते पित्तावाटे बाहेर टाकणं पुरेसं जमत नाही. हे निष्कर्ष १९८३ पासून प्रसिद्ध होत गेले, बाळाच्या दुधासाठी ही भांडी वापरू नका असा प्रचार झाला, स्टीलही घरोघर आलं, आणि हा आजार इतका घटला की आज नव्या डॉक्टरांना तो बहुधा पुस्तकातच भेटतो.

यावर एक आक्षेप हमखास येतो: आमच्या आजी-आजोबांनी जन्मभर पितळेच्या भांड्यात शिजवलेलं खाल्लं, त्यांना तर काही झालं नाही. आक्षेप प्रामाणिक आहे आणि त्याला उत्तरही आहे. जुन्या घरांत भांड्यांना वेळच्या वेळी कल्हई लावली जायची. कल्हई म्हणजे कथलाचा थर, आणि तो तांब्याला अन्नापासून दूर ठेवतो. कल्हईवाले कमी झाले, भांडी मात्र तशीच वापरात राहिली, तिथे धोका वाढला. दुसरं, मोठ्या माणसाला जे पचतं ते तान्ह्याला पचेलच असं नाही, आणि सगळी तान्ही मुलंही सारखी नसतात. त्याच भांड्यातलं दूध पिऊन काहींना काहीच झालं नाही, म्हणून काहींच्या शरीरातच तांबं साठण्याची प्रवृत्ती असावी असंही संशोधक मानतात. तिसरं उत्तर सगळ्यांत महत्त्वाचं आहे. जे वाचले त्यांचेच अनुभव पुढच्या पिढीला ऐकायला मिळतात. दुसऱ्या वाढदिवसाआधी गेलेल्या मुलाचा अनुभव कुणी सांगत नाही. म्हणूनच ‘आमच्याकडे सगळे हेच करत आले’ हा पुरावा अपुरा पडतो, आणि आजारी व निरोगी मुलांची घरं शेजारी ठेवून तुलना करावी लागते. पुण्यातल्या डॉक्टरांनी नेमकं तेच केलं.

किती दिवस आणि कुणी, या प्रश्नांसाठी गुळवेलीचं उदाहरण ताजं आहे. करोनाच्या काळात गुळवेल घराघरांत पोचली. कुणी गोळ्या घेतल्या, कुणी कुंपणावरच्या वेलीचे तुकडे उकळून रोज काढा घेतला. २०२१ साली मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी अशा सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, ज्यांना गुळवेल घेतल्यानंतर यकृताला सूज येऊन कावीळ झाली होती. २०२२ मध्ये देशातल्या १३ केंद्रांमधल्या ४३ रुग्णांचा अहवाल आला. त्यांतल्या बऱ्याच जणांनी गुळवेल काही आठवडे सतत घेतली होती, आणि अनेकांच्या रक्तात स्वतःच्याच पेशींविरुद्ध काम करणारी प्रतिद्रव्यं सापडली. याचा अर्थ लावणं अवघड नाही. प्रतिकारशक्ती चाळवणारा पदार्थ म्हणून जो घेतला जातो, तो ज्याची प्रतिकारशक्ती आधीच स्वतःच्या यकृतावर उलटण्याच्या बेतात आहे त्याला घातक ठरू शकतो. ‘इम्युनिटी वाढवा’ ही हाक सगळ्यांना सारखीच दिली जाते, पण शरीरं सारखी नसतात. आयुष मंत्रालयाला हे निष्कर्ष मान्य झाले नाहीत. रुग्णांनी खरी गुळवेल न घेता तिच्यासारखी दिसणारी दुसरी जात घेतली असावी, अशी शक्यता मंत्रालयाने मांडली. ही शक्यता खरी धरली तरी घरी काढा करणाऱ्याला दिलासा मिळत नाही. दोन वेली इतक्या सारख्या असतील की रुग्णांची फसगत होते, तर कुंपणावरून तोडून आणलेल्या वेलीची खात्री कोण देणार? गुळवेल शतकानुशतकं वैद्यांच्या वापरात आहे आणि लाखो लोकांनी ती घेतली, त्यांतल्या फार थोड्यांना हा त्रास झाला, हेही तितकंच खरं. पण वैद्य नाडी पाहून, ठरावीक दिवसांसाठी, ठरावीक मात्रेत देतात ती गुळवेल आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचा निरोप वाचून चार महिने रोज घेतलेली गुळवेल, या दोन गोष्टी एक मानता येत नाहीत.

इथे आणखी एक रास्त प्रश्न उभा राहतो. अ‍ॅलोपॅथीच्या गोळ्यांनी यकृत बिघडत नाही का? बिघडतं. साधी पॅरासिटामॉल प्रमाणाबाहेर घेतली तर यकृत निकामी होऊ शकतं. फरक इतकाच की हे प्रमाण माहीत आहे. निरोगी प्रौढाने २४ तासांत ४ ग्रॅमच्या पुढे जाऊ नये, हे पडताळून ठरवलेलं आहे, आणि गोळीत किती औषध आहे ते पाकिटावर छापलेलं असतं. काढ्याच्या पेल्यात नेमकं काय आणि किती उतरलं, हे काढा करणाऱ्याला सांगता येत नाही. बाजारातल्या तयार औषधांचाही भरवसा नेहमीच देता येतो असं नाही. २००४ साली अमेरिकेतल्या बोस्टन परिसरातल्या दुकानांत मिळणारी, दक्षिण आशियात बनलेली ७० आयुर्वेदिक औषधं तपासली, तेव्हा १४ औषधांत शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. रसशास्त्रातली भस्मं धातूंपासूनच बनतात आणि त्यांची शुद्धी हे त्या शास्त्रातलं मोठं प्रकरण आहे, हा खुलासा योग्यच आहे. पण म्हणूनच ती कुणी बनवली, कशी बनवली आणि तपासली का, हे विचारल्याखेरीज घेऊ नयेत. ही अपेक्षा आयुर्वेदाच्या विरोधात जात नाही. चांगल्या वैद्याची आणि चांगल्या कारखान्याची पत तिनेच टिकते.

तपासणीने देशी औषधाचं मोल कमी होतं, ही भीतीही काहींना वाटते. सर्पगंधेची गोष्ट त्यांनी जरूर पाहावी. या वनस्पतीचं मूळ आपल्याकडे वेड आणि सर्पदंश यांवर दिलं जायचं. १९३१ साली कोलकात्यात सेन आणि बोस यांनी तिने रक्तदाब उतरतो असं नोंदवलं, पण जगाने दखल घेतली नाही. मग मुंबईतले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी आपल्या रुग्णांवरचे अनुभव पद्धतशीर नोंदवून १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध केले. त्या काळी रक्तदाबावर परिणामकारक गोळी जवळजवळ नव्हतीच. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या सिबा कंपनीच्या संशोधकांनी सर्पगंधेतून रिसर्पिन वेगळं केलं, ते जगभर वापरलं गेलं, आणि १९५७ साली डॉ. वकील यांना लास्कर पुरस्कार मिळाला. पुढे जास्त मात्रेत रिसर्पिन घेणाऱ्या काही रुग्णांत नैराश्य दिसलं, मात्रा कमी करावी लागली, आणि अधिक सुरक्षित औषधं आल्यावर ते मागे पडलं. एकाच मुळीतला गुणही तपासणीने उघड केला आणि दोषही. मोजमाप झालं नसतं तर मुळी वैद्याच्या बटव्यातच राहिली असती आणि तिचे दुष्परिणाम कुणाच्या ध्यानात आले नसते.

‘होलिस्टिक’ उपचार मानणाऱ्यांचा सगळ्यांत गंभीर आक्षेप मात्र वेगळा आहे. ते म्हणतात, आम्ही माणसाचा आहार, झोप, मन, नाती असं सगळं मिळून पाहतो. एका गोळीची चाचणी घ्यावी तशी याची चाचणी घेता येत नाही. या आक्षेपाला आपल्याच शेजारी, घाट चढून गेल्यावर उत्तर मिळतं. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन केलं ते मुळी योगाची शास्त्रीय तपासणी करण्यासाठी. त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक निघालं आणि आसनं, क्रिया, प्राणायाम यांचे शरीरावरचे परिणाम उपकरणांनी मोजून त्यात छापले जाऊ लागले. योगावर नितांत श्रद्धा असलेला माणूस शंभर वर्षांपूर्वी मोजायला घाबरला नाही, तर आज आपण का घाबरावं? आणि संपूर्ण जीवनक्रमाची चाचणी घेता येते, हे पुढे सिद्धही झालं आहे. भारतातल्या २४ रुग्णालयांत हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या ३,९५९ रुग्णांवर योगाधारित पुनर्वसनाची चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०२० मध्ये आले. योग करणाऱ्यांना स्वतःची तब्येत अधिक बरी वाटत होती आणि ते रोजच्या कामांना अधिक चांगले लागले होते. मृत्यू, पुन्हा झटका यांसारख्या घटनांत मात्र दोन गटांमध्ये ठामपणे सांगण्याजोगा फरक दिसला नाही. औषधं दोन्ही गटांची चालूच होती. तेव्हा योगाने गोळी सुटते का, याचं उत्तर असं: योगाने आयुष्याची प्रत सुधारते, म्हणून तो जरूर करावा, गोळी मात्र डॉक्टरांनी कमी केल्याशिवाय स्वतःहून सोडू नये.

जीवनशैली बदलण्याचा सर्वांत भक्कम पुरावा मधुमेहाबाबत आहे, आणि हार्बर लाइनने रोज दोन-तीन तास प्रवास करणाऱ्या नवीन पनवेलकरांना तो थेट लागू पडतो. चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन आणि सहकाऱ्यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ५३१ जणांची तीन वर्षं पाहणी केली. नेहमीचाच सल्ला मिळालेल्या गटात ५५ टक्क्यांना मधुमेह झाला. रोज अर्धा तास चालणं आणि आहारात बदल करणाऱ्या गटात हे प्रमाण सुमारे ३९ टक्के होतं, आणि मेटफॉर्मिनची गोळी घेणाऱ्यांत सुमारे ४० टक्के. म्हणजे या टप्प्यावर चालणं गोळीच्या तोडीचं ठरलं. कारल्याच्या रसाच्या बाजूने एवढा भक्कम पुरावा नाही. बारीक दिसणाऱ्यांनीही यात स्वतःला वगळू नये. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली स्वतःचं आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचं शरीर मोजून दाखवलं, की दोघांचा बीएमआय २२.३ असूनही युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के चरबी होती आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. त्यांच्याच गटाने पुणे परिसरातल्या ४४१ पुरुषांच्या तपासणीत दोन तृतीयांश जणांत बी-१२ जीवनसत्त्व कमी असल्याचं दाखवलं, आणि शाकाहारींत ही कमतरता बरीच जास्त होती. शाकाहार सात्त्विक आणि नैसर्गिक आहे म्हणून तो परिपूर्णही असेल, असं गृहीत धरणाऱ्यांनी एकदा रक्त तपासून घ्यावं. त्या कमतरतेवर उपाय स्वस्त आहे, आणि तिच्याकडे दुर्लक्ष केलं तर नसांना इजा होते.

चौथा प्रश्न, कशाच्या ऐवजी, हा सर्वांत जास्त जीव घेतो. निसर्गोपचाराचे सर्वांत मोठे पुरस्कर्ते महात्मा गांधी होते. १९४६ साली त्यांनी पुण्याजवळ उरुळीकांचनला निसर्गोपचार केंद्र सुरू केलं. पण जानेवारी १९२४ मध्ये अपेंडिक्स सुजलं तेव्हा त्यांनी पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांच्याकडून शस्त्रक्रिया करून घेतली. मातीचा लेप आणि उपवास यांवर विश्वास ठेवणाऱ्या माणसालाही कुठे थांबायचं हे कळत होतं. काढ्याने होणारं नुकसान बहुतेक वेळा काढ्यातल्या पदार्थाने होत नाही. काढा घेता घेता निसटलेले महिने ते करतात. स्तनातली गाठ, लहान मुलाचं इन्सुलिन, क्षयाच्या गोळ्यांचा पूर्ण कोर्स, यांना पर्याय शोधण्यात गेलेला वेळ परत मिळत नाही. म्हणूनच १९५४ च्या कायद्याने मधुमेह, कर्करोग, रक्तदाब अशा आजारांवर हमखास इलाज असल्याची जाहिरात करायला बंदी घातली आहे, मग ते औषध कुठल्याही पॅथीचं असो. अशी जाहिरात दिसली तर औषध पारखण्याचीही गरज नाही. देणारा कायदा मोडतो आहे, एवढं पुरे.

तर मग करावं काय? डॉक्टरांना काढा सांगावा आणि वैद्यांना गोळ्या सांगाव्यात, दोन्ही न लपवता. रक्त पातळ करणारी औषधं चालू असताना, गर्भारपणात, यकृताचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असताना आणि शस्त्रक्रियेआधी तर नक्कीच. कुठलंही वनस्पतीजन्य औषध घेताना लघवी गडद पिवळी झाली, डोळे पिवळे दिसले, मळमळ झाली आणि भूक मंदावली, तर औषध लगेच थांबवावं आणि बाटली किंवा वेलीचा तुकडा घेऊन डॉक्टरांकडे जावं. डॉक्टरांनीही हे ऐकून हसू नये आणि रागावूही नये. ज्या रुग्णाला टोमणा मिळतो तो पुढच्या वेळी काढा सांगत नाही, आणि मग खरं निदान हुकतं. समग्र आरोग्याचा विचार करणारा वैद्य असो वा एमबीबीएस डॉक्टर, माणूस अख्खा समजून घ्यायचा असेल तर त्याच्या पोटात काय काय जातं हे कळलंच पाहिजे. किती, कुणाला, किती दिवस आणि कशाऐवजी, हे विचारायला पदवी लागत नाही. आणि या चार प्रश्नांची सरळ उत्तरं जो देत नाही, त्याच्याकडून औषध घेऊ नये, मग ते निसर्गातलं असो की कारखान्यातलं.